शिंगटीचे बारसे

हैदराबादेत नारायणगुड्याच्या बाजूला मराठी घरांची वस्ती जुनी आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली शाळा ह्याच भागात उभी आहे. संस्थानी काळात वकिलीच्या, शिक्षकीच्या किंवा कारकुनीच्या निमित्ताने मराठवाड्यातून इकडे आलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आता येथे नांदते आहे. त्या घरांतली पाचसात मुले आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्याकडे मराठी वाचावयास येतात. शाळेत त्यांचे सारे शिक्षण इंग्रजीतून चालते, रस्त्यात ती तेलुगू किंवा दखनी बोलतात, आणि मराठी उरते ती आजीपुरती व सणावारापुरती.

ह्या मुलांपैकी एकाने एकदा माशांवरचे एक इंग्रजी पुस्तक बरोबर आणले होते. एका चित्राखालचे नाव त्याला उच्चारता येईना. शेवटी त्याने ते कसेबसे 'सीन्ग्-टी' असे वाचले आणि मला विचारले, "सर, हा शब्द लॅटिन की ग्रीक?" मी अक्षरे पाहिली. एस, दोन ई, एन, जी, टी आणि पुन्हा दोन ई. क्षणभर मलाही उलगडा होईना. मग एकाएकी लक्षात आले, की हा शब्द लॅटिनही नव्हे आणि ग्रीकही नव्हे. हा तर आपला 'शिंगटी'! एका मराठी मुलाने आपल्याच भाषेतला शब्द परदेशी समजून चाचपडत वाचावा, ह्याचे मला त्या वेळी हसू आले. पुढे मात्र ते हसू मावळले, आणि हा शब्द त्या चित्राखाली जाऊन बसला कसा, ह्याचा शोध घ्यावासा वाटला. त्या शोधात जे हाती लागले तेच आज सांगणार आहे.

माझे बालपण वसईच्या खाडीकाठी गेले. तेव्हा शिंगटी म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते बोटाला शिकावे लागले. पावसाळ्याच्या तोंडी पहिला जोराचा पाऊस झाला, की खाडीतले व ओढ्यांतले मासे गोड्या पाण्याच्या ओढीने उलटे वर चढू लागतात. त्यालाच आमच्याकडे वलगण चढणे म्हणतात. त्या दिवशी कोणाला घरी राहवत नसे. मिठागराच्या बांधालगत गुडघाभर पाण्यात उतरून मी हाताने मासा धरावयास गेलो, आणि दुसऱ्याच क्षणी बोंब ठोकली. शिंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे तीन काटे असतात. कुशीच्या काट्यांना करवतीसारखे दात असतात. मासा घाबरला की तो हे काटे ताठ उभे करून मुळाशी असे अडकवून ठेवतो, की जोर करूनही ते खाली दबत नाहीत. पकडणाऱ्या पक्ष्याच्या किंवा मोठ्या माशाच्या घशात ती त्रिकोणी मेख बसते. काटा लागला की तो भाग कित्येक तास ठणकत राहतो. ह्या काट्यांना शिंगे मानूनच कोणा जुन्या मराठी माणसाने त्या माशाला शिंगटी म्हटले असणार, हे उघड आहे.

तिला खवले नसतात. अंग बुळबुळीत असल्यामुळे घरोघरी तिला चुलीतली राख चोळून घासत. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात व त्यांतली वरच्या जबड्याची जोडी सर्वांत लांब असते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती होणार? चिखलातले किडे, कोळंबीची पिल्ले, कुजका पाला हे सारे ती ह्या मिशांनी चाचपून शोधते. पाठ निळसर तपकिरी आणि पोट रुपेरी. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक लहानसा मांसल पर असतो. बाजारात येणारी शिंगटी बहुधा वीतभर असते. तिच्या आंबट-तिखट कालवणाची चव ज्याने घेतली आहे त्याला मी अधिक काही सांगावयास नको. आमच्या कॅथलिक घरात शुक्रवारी मांस वर्ज्य असे, आणि गरिबाच्या शुक्रवारची लाज ह्या खाडीच्या मासळीनेच राखली.

हा मासा खारट व गोड्या पाण्याच्या सीमेवर राहणारा आहे. नद्यांची मुखे, खाड्या, खाजणे, तिवरांच्या मुळांतली डबकी ही त्याची घरे. पाण्यातले मीठ भरतीला वाढते, ओहोटीला उतरते, पावसाळ्यात जवळजवळ नाहीसे होते. इतर मासे अशा फेरफाराने हैराण होतात. शिंगटीला त्याचे काही वाटत नाही. पावसाळ्यात पाणी गोडे झाले की तिचा विणीचा हंगाम येतो. कोकणात शिलोत्र्यांनी समुद्राला बांध घालून खार जमिनी भातशेतीखाली आणल्या, गोव्यात गावकऱ्यांनी खाजणांना 'मानस' नावाची दारे बसवून भरतीचे पाणी मोजून आत घेतले. माणसाच्या ह्या उद्योगामुळे जी निमखारी तळी तयार झाली त्यांत शिंगटी न बोलावता येऊन राहिली. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क गोव्यात लिलावाने दिला जाई, ह्यावरून ह्या पाण्याची किंमत लोकांना चांगली कळत होती असे दिसते.

आता गोष्ट अशी, की ह्या खाडीतल्या शिंगटीचे शास्त्रीय नाव 'शिंगटी' नव्हे. ते आहे 'मिस्टस गुलिओ'. मुलाच्या पुस्तकातले चित्र तिच्या बहिणीचे होते. ती आपल्या दख्खनच्या नद्यांत राहते, पूर्ण गोड्या पाण्यात. लोकांनी दोघींनाही एकच नाव दिले, आणि त्यात काही चूक केली असे मला वाटत नाही, कारण काटा दोघींचाही सारखाच लागतो. पण शास्त्राला एका नावाचे दोन मासे चालत नाहीत. म्हणून दोघींची बारशी वेगवेगळी झाली, वेगवेगळ्या प्रांतांत आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून.

पहिले बारसे बंगालमध्ये झाले. फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर, जन्म १७६२ चा, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा व मलबार ह्या मुलखांतून १८०० ते १८०१ ह्या काळात त्याने जो प्रवास केला त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पुढे १८०७ पासून सात वर्षे कंपनीने त्याला बंगाल व बिहारच्या पाहणीवर नेमले. जमीन, पिके, देवळे, धंदे, जाती, ह्या सर्वांची टिपणे करता करता हा गृहस्थ नदीकाठी उभा राहून जाळ्यांतले मासेही पाही, कोळ्यांना त्यांची नावे विचारी, आणि चित्रकारांकडून चित्रे काढून घेई. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा गव्हर्नर जनरलने त्याच्या चित्रांचा संग्रह कलकत्त्यातच ठेवून घेतला. सरकारी नोकरीत असताना काढविलेली चित्रे सरकारचीच, असा तो न्याय. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे त्या चित्रांपायी घालविली त्याला हा न्याय किती कडू लागला असेल, हे शिक्षकाला समजू शकते. आमच्या वह्याही शाळेच्याच असतात! मायदेशी परतल्यावर आईकडून वारशाने आलेल्या मिळकतीबरोबर त्याने तिचे हॅमिल्टन हे आडनाव घेतले, आणि १८२२ साली एडिंबरोहून गंगा व तिच्या शाखांतील माशांचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अडीचशेहून अधिक जातींची वर्णने आहेत, पण चित्रे थोड्यांचीच आहेत. कलकत्त्यात राहिलेल्या चित्रांचा पुरता अभ्यास व्हावयास आणखी शंभर वर्षे लागली. ते काम डॉ. सुंदरलाल होरा ह्या भारतीय शास्त्रज्ञाने केले.

ह्या १८२२ च्या ग्रंथात आपली खाडीतली शिंगटी प्रथम अवतरली. गंगेच्या मुखांच्या वरच्या भागात ती सापडते असे हॅमिल्टनने नोंदविले. नाव त्याने दिले 'पिमेलोडस गुलिओ'. त्यातला गुलिओ हा शब्द लॅटिनचा नव्हे, तो बंगाली कोळ्यांच्या तोंडचा आहे. हॅमिल्टनची ही रीतच होती. कातला, रोहिता, कावासियस अशी त्याची पुष्कळ नावे तिकडच्या बोलीतून उचललेली आहेत. बंगालमध्ये ह्या माशाला आज 'नोना टेंगरा' म्हणतात. नोना म्हणजे खारा.

नावाचा दुसरा भाग तेव्हापासून टिकला, पहिला मात्र भाडेकरूसारखा बदलत गेला. पिमेलोडस ह्या कुळात आता केवळ दक्षिण अमेरिकेतले मासे उरले आहेत. मग गुलिओ 'बॅग्रस' झाला. हा शब्द पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतल्या 'बाग्रे'वरून आला आहे. त्या भाषांत शिंगटीसारख्या मिशाळ माशाला बाग्रे म्हणतात. वसईत पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत होता. त्या दोनशे वर्षांत आमच्या खाडीवर एखाद्या पोर्तुगीज शिपायाने शिंगटीकडे बोट दाखवून 'बाग्रे' म्हटले असेल आणि शेजारच्या कोळ्याने मान हलवून 'शिंगटी' म्हटले असेल, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी उभे राहते. त्याला पुरावा काही नाही, हे कबूल करतो. आज ह्या साऱ्या कुटुंबाचे शास्त्रीय नाव त्या बाग्रेवरूनच चालते. बॅग्रसनंतर 'मॅक्रोनिस' हे नाव आले. पण ते एका भुंगेऱ्याला आधीच दिलेले निघाले, म्हणून तेही सोडावे लागले. शेवटी स्कोपोली ह्या शास्त्रज्ञाने १७७७ मध्ये वापरलेले 'मिस्टस' हे जुने नाव कायम झाले. त्याचा संबंध मिशी ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडतात. म्हणजे मिस्टस गुलिओचा अर्थ झाला, बंगालचा मिशाळ गुलिया.

आता दुसरे बारसे. ते आपल्या मुलखात झाले. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्या मुलखाची मोजदाद करावयाचे ठरविले, आणि १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले. ह्या साइक्सचा जन्म १७९० चा. पुढे तो विलायतेत कंपनीच्या संचालकमंडळाचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला, संख्याशास्त्राच्या संस्थेचा धुरीण झाला. पण त्याचे नाव मला प्रिय आहे ते निराळ्या कारणाने. गावे, घरे, विहिरी, बैल ह्यांची गणती करीत तो भीमा, मुळा-मुठा, घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांतून हिंडला, आणि हिंडताना पक्षी व मासे जमवीत गेला. १८३१ मध्ये तो परत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेपुढे आला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि चित्रांसह संपूर्ण लेख १८४१ मध्ये छापला गेला.

तो निबंध वाचताना मराठी माणसाला आपल्याच अंगणात आल्यासारखे वाटते. नाक बसलेल्या माशाला आपल्या लोकांनी 'नकटा' म्हटले होते. साइक्सने त्याचे शास्त्रीय नाव 'नुक्ता' ठेवले. 'कोळस'चा 'कोलस' झाला. पाण्याबाहेर काढल्यावर घोगरा आवाज करणाऱ्या माशाचे नाव 'गोग्रा'. त्याच्याच जवळच्या एकाचे 'कुतुर्नी'. महासीराच्या एका जातीचे 'खुद्री'. आणि नदीतल्या मिशाळ, काटेरी, लहानशा माशाचे नाव, अर्थातच, 'सीन्गटी'. इंग्रज कानाला जसे ऐकू आले तसे त्याने ते लिहिले. श आणि स ह्यांचा त्याने घोटाळा केला. पण आपण त्याचा राग मानू नये. आपल्याकडेही साइक्सचे नाव कोणी नीट उच्चारले असेल असे वाटत नाही.

ही पद्धत ह्या दोघांचीच होती असे मात्र नव्हे. त्यांच्याही आधी पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरने विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर दोनशे मासे जमवून, त्यांची चित्रे काढवून, १८०३ मध्ये लंडनमध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्याने माशांखाली कोळ्यांनी सांगितलेली तेलुगू नावे लिहिली. त्यांतल्या 'वालगू'वरून पुढे 'वालॅगो' हे एका मोठ्या, दातेरी माशाच्या कुळाचे शास्त्रीय नाव झाले. नारायणगुड्याच्या जवळच रामनगरचा मासळीबाजार आहे. तेथे तेलुगू विक्रेत्यांच्या तोंडून 'वालगा' हा शब्द मी अनेकदा ऐकला आहे. त्यांना आणि मलाही ठाऊक नव्हते, की जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत तोच शब्द चालतो आहे. त्याच बाजारात किनाऱ्याकडून बर्फात येणाऱ्या मासळीत कधीकधी माझी खाडीची शिंगटीही दिसते. तेथे तिला 'जेल्ला' म्हणतात.

म्हणजे तेलुगू, बंगाली आणि मराठी ह्या तीन भाषांतले कोळी १८०३ ते १८३९ ह्या छत्तीस वर्षांत विज्ञानाच्या भाषेला शब्द पुरवीत होते. ह्या तिन्ही साहेबांची चरित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांची जन्मवर्षे, पदव्या, पुस्तके सारे सापडते. पण भीमेच्या काठी जाळे वाळत घालताना ज्या भोयाने साइक्सला 'ही शिंगटी' म्हणून सांगितले त्याचे नाव कोठेही नाही. शिंगटी आणि गोग्रा ह्यांतला फरक साइक्सला कळला तो त्या भोयाला आधीच ठाऊक होता म्हणून. साइक्सने मोजमाप केले, काटे मोजले, चित्र काढविले, हे त्याचे श्रेय आहेच. पण हे दोन मासे वेगळे आहेत, हा पहिला निर्णय त्या अनाम माणसाचा होता.

आणि हा निर्णय किती पक्का होता ते पुढील इतिहासाने दाखविले. मद्रासच्या वैद्यकीय खात्यातला फ्रान्सिस डे हा हिंदुस्थानातील माशांचा सर्वांत मोठा संग्राहक. १८७५ ते १८७८ ह्या काळात त्याने 'हिंदुस्थानचे मासे' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही त्याच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. डेने दख्खनची सीन्गटी पाहिली आणि ठरविले, की हा काही वेगळा मासा नव्हे. हॅमिल्टनने गंगेतून वर्णिलेला 'कावासियस'च हा. शास्त्राचा नियम असा, की एकाच माशाला दोन नावे मिळाली असतील तर आधीचे खरे. १८२२ हे साल १८३९ च्या आधीचे. सीन्गटी हे नाव त्याबरोबर समानार्थी शब्दांच्या यादीत, बारीक टाइपात, जाऊन पडले. एखाद्या गावाचे नाव नकाशावरून पुसले जावे तसे ते झाले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बहुतेक ग्रंथांत भीमेतला आणि गोदावरीतला मासा बंगाली नावाने ओळखला गेला.

ह्या मधल्या काळात काम थांबले होते असे नाही. हैदराबाद संस्थानाच्या मत्स्यखात्यातले एम. रहीमुल्ला यांनी १९४० च्या दशकात संस्थानातील माशांची पाहणी केली. निजामाबाद जिल्ह्यातील माशांवरचा त्यांचा व एस. महमूद यांचा लेख १९४७ मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला. संस्थान मोडावयाच्या बेतात असताना दोन अधिकारी शांतपणे मासे मोजीत होते, ह्या गोष्टीचे मला फार कौतुक वाटते. मुंबई राज्यात सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णेच्या खोऱ्यातून एक नवा मिशाळ मासा वर्णिला. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. त्याला लोकांनी दिलेले नाव 'खवलचोर'. कुलकर्ण्यांनी तेच नाव शास्त्रीय नाव म्हणून नोंदविले. साइक्सने घातलेला पायंडा एका मराठी शास्त्रज्ञाने पुढे चालविला, आणि ह्या खेपेला उच्चारात चूक झाली नाही.

मग २००५ साली प्रसंत चक्रवर्ती आणि हिओक ही एन्ग ह्या दोन अभ्यासकांनी कावासियस ह्या नावाखाली संग्रहालयांत ठेवलेले मासे पुन्हा बाहेर काढले. भारत, ब्रह्मदेश आणि पलीकडच्या देशांतले नमुने शेजारी शेजारी मांडून त्यांनी बारकाईने ताडून पाहिले. त्यांना आढळले, की एका नावाखाली एकाहून अधिक जाती कोंबल्या गेल्या आहेत. ब्रह्मदेशातल्या एका जातीला त्यांनी नवे नाव दिले. आणि आपल्या द्वीपकल्पातली जात? तिला नवे नाव देण्याची गरजच नव्हती. १८३९ चे नाव तयार होते. 'मिस्टस सीन्गटी' हे नाव अशा रीतीने बारीक टाइपातून उठून पुन्हा मोठ्या अक्षरांत आले. भोयाचे म्हणणे बरोबर होते. साइक्सने ते ऐकले हेही बरोबर होते. डेसारखा थोर माणूस मात्र ह्या एका ठिकाणी चुकला.

ह्या सर्व हकिकतीत साहेबांचेच राज्य दिसते, म्हणून एक जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. माशांकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी ह्या मुलखाला साहेबांनी दिली नाही. हैदराबादच्या वायव्येला बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते आणि मराठीही तेथे घरोघर बोलली जात होती. हीच पश्चिम चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व नुसत्या चामड्याचे कोणते, कोणाला कसले आमिष द्यावे, दोरी कशी वळावी, गळ कसा टाकावा, हे सारे त्या राजाने लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादित केला, आणि हॅमिल्टनची चित्रे उजेडात आणणाऱ्या त्याच होरांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर इंग्रजीत निबंध लिहून तो प्राणिशास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. खवल्यांचा मासा आणि चामड्याचा मासा हा भेद आजही पहिल्याच पाठात शिकविला जातो. शिंगटी, गुलिओ, वालगा ही सारी मंडळी त्यातल्या दुसऱ्या पंगतीची. सोमेश्वरानेही ती नावे आपल्या मनाने रचली नसतील. त्याच्यासाठी गळ तयार करणाऱ्या माणसांनीच ती त्याला पुरविली असणार.

नकाशा उघडला की ह्या दोन बहिणींची सोयरीक आणखी स्पष्ट होते. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, पैठण, नांदेड करीत तेलंगणात उतरते आणि राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला मिळते. वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात, शिंगटी. मुखाशी, निमखाऱ्या पाण्यात, गुलिओ. गोदावरी व कृष्णा यांच्या मुखांमध्ये पसरलेल्या कोल्लेरू सरोवरातही गुलिओ आहे. एकाच नदीवर एक बहीण माहेरी राहिली आणि एक समुद्राच्या घरी नांदावयास गेली. पूर्वी भरतीचे पाणी जेथवर चढे तेथवर गुलिओला वर येण्यास मोकळीक होती. सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचे धरण १८५२ मध्ये पुरे झाले, आणि तेथे ह्या दोघींच्या मध्ये दगडी उंबरठा पडला. त्या धरणाने गोदावरीचा मुखप्रदेश दुष्काळातून वर काढला, हे विसरून चालणार नाही. माशांच्या बाजूने बोलणारा त्या वेळी कोणी नव्हता, एवढेच.

गुलिओचे आज बरे चालले आहे. त्याचा आढळ भारताच्या दोन्ही किनाऱ्यांपासून श्रीलंका, बांगलादेश व ब्रह्मदेशावरून थेट इंडोनेशिया व व्हिएतनामपर्यंत आहे. बंगालमध्ये सुंदरबनच्या भागात काकद्वीप येथे निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी हा मासा बंदिस्त पाण्यात विणविला, आणि त्याची पिल्ले आता शेतकऱ्यांच्या तळ्यांत सोडली जातात. मासा जगेल. चिंता आहे ती नावाची. वसईच्या खाडीकाठची कित्येक मिठागरे बुजली; जे वलगणीला उतरत होते त्यांची नातवंडे बाजारात मासा पाहून त्याला इंग्रजीत 'कॅटफिश' म्हणतात. कॅटफिश म्हटले की शिंगटीही आली, वालगाही आला, आणि अलीकडे तळ्यांत चोरून वाढविला जाणारा आफ्रिकेतला मांगूरही आला. भोयाने ज्या दहा माशांना दहा नावे दिली होती त्यांच्यावर एकच सतरंजी पसरली गेली.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी त्या दिवसापासून एक काम लावले आहे. घरातल्या वृद्ध माणसांना ठाऊक असलेली माशांची नावे विचारावयाची, ती कोठल्या नदीची हे लिहावयाचे, आणि मासा कसा दिसतो ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आणावयाचे. काही मुलांच्या घरी मासे शिजतच नाहीत. ती गावाकडे गेली की कोणाला तरी विचारतात. वहीत आजपर्यंत एकवीस नावे जमली आहेत. दोन मुलांनी एकच नाव दोन निरनिराळ्या माशांना लावून आणले, आणि त्यावरून वर्गात चांगले भांडण झाले. तो वाद अजून मिटलेला नाही.

ज्या मुलाने 'सीन्ग्-टी' वाचले होते त्याची आजी नांदेडची. तिला विचारले तेव्हा ती प्रथम म्हणाली, "आता काय आठवतंय बाबा." मग दोन दिवसांनी तिने आपण होऊन त्याला हाक मारली आणि सांगितले, की लहानपणी गोदावरीवर एक ठेंगणा, जाड डोक्याचा मासा मिळे, हातात धरला की कुरकुर वाजे, आणि त्याला 'कटर्नी' म्हणत. मुलाने ते वहीत लिहिले व पुढे प्रश्नचिन्ह काढले. मी साइक्सच्या यादीची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने बोट फिरवीत फिरवीत ते 'कुतुर्नी'वर आणून थांबविले, प्रश्नचिन्ह खोडले, आणि शेजारी आजीचे नाव लिहिले.